चिंध्या, कागद आणि मंडळी

सप्टेंबर १६९७ मध्ये न्यूयॉर्कचा मुद्रक विल्यम ब्रॅडफर्ड याने एक भाडेपट्टा केला. फिलाडेल्फियाजवळच्या एका कागदाच्या गिरणीत त्याचा चौथा हिस्सा होता. तो त्याने दहा वर्षांसाठी गिरणी चालवणाऱ्या बापलेकांना दिला. भाडं रोख ठरलं नाही. दरवर्षी छपाईचा कागद सात रीम, लिहिण्याचा चांगला कागद दोन रीम आणि निळा कागद दोन रीम, एवढा माल ब्रॅडफर्डकडे पोचता करायचा होता. निळा कागद म्हणजे साखरेच्या ढेपा गुंडाळायचा, चोपड्यांना वेष्टण घालायचा जाड कागद. शिवाय गिरणीत निघणारा छपाईचा सगळा कागद आधी ब्रॅडफर्डला दाखवायचा आणि त्याने तो रिमेला दहा शिलिंगप्रमाणे घ्यायचा. त्याने नको म्हटलं तरच तो दुसऱ्याला विकायचा. लिहिण्याच्या कागदाचा भाव वीस शिलिंग, तपकिरी कागदाचा सहा.

पट्ट्यातल्या बापाचं नाव विलेम रिटनहाउस. जुन्या कागदपत्रांत तो रुडिंगहाउसेन आहे, रिटिंगहाउसेनही आहे. त्या काळी नावं लिहिणारा जसं ऐकेल तसं लिही. हा माणूस जन्माने जर्मन, धंदा शिकला तो डच गिरण्यांत आणि पंथाने मेनोनाइट. इंग्रजांच्या अमेरिकी वसाहतींतली पहिली कागद गिरणी त्याने उभी केली. पट्टा झाला त्याच्या पुढच्या वर्षी जर्मनटाउन गावच्या मेनोनाइट मंडळीने त्याला आपला उपदेशक निवडलं. आठवडाभर हात लगद्यात आणि रविवारी हातात धर्मग्रंथ, असा हा प्रकार आपल्याला जरा नवलाचा वाटतो. त्याच्या मंडळीला मात्र तो अगदी साधा वाटत होता, आणि याचं कारण समजायला दीडशे वर्षं मागे जायला हवं.

मेनोनाइट हे नाव ज्याच्यावरून पडलं तो मेन्नो सिमन्स फ्रीसलंडचा, म्हणजे आजच्या नेदरलँड्सच्या उत्तरेकडचा कॅथलिक पाद्री. १५३६ मध्ये त्याने पाद्रीपद सोडलं आणि बाप्तिस्म्याविषयी बंडखोर मतं असणाऱ्या लोकांना जाऊन मिळाला. या लोकांची सुरुवात झाली होती झ्यूरिचमध्ये, जानेवारी १५२५ मध्ये. तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा देण्यात अर्थ नाही, समजत्या वयात माणसाने स्वतः श्रद्धा पत्करावी आणि मग बाप्तिस्मा घ्यावा, असं त्यांचं म्हणणं होतं. ऐकायला ही गोष्ट धर्मशास्त्राच्या काथ्याकुटातली वाटते. पण त्या काळी बाप्तिस्म्याची नोंद हीच राज्याच्या प्रजेची नोंद होती. जन्माबरोबर चर्चमध्ये दाखल होणं आणि जन्माबरोबर राजाची प्रजा होणं एकच. ते नाकारलं की राजसत्तेचाच एक खांब हलत होता. त्यात या लोकांनी येशूचं डोंगरावरील प्रवचन शब्दशः घेतलं. शपथ घ्यायची नाही, हत्यार उचलायचं नाही, आणि ज्या हुद्द्यावर बसून कुणाला शिक्षा फर्मावावी लागते तो हुद्दाही स्वीकारायचा नाही. झ्यूरिचच्या नगरसभेने १५२७ मध्ये त्यांच्यातल्या फेलिक्स मान्झला लिमाट नदीत बुडवून मारलं. पुनर्बाप्तिस्मा मागणाऱ्याला पाण्यातच संपवणं, यातला क्रूर विनोद त्या सभेला कळत असणारच.

अशा लोकांना गावात पाळक ठेवून, पगार देऊन, धर्मशास्त्राचं विद्यापीठ काढून चालणारं नव्हतं. मंडळी कुठे कोठारात, कुठे नावेत, कुठे कुणाच्या माजघरात जमायची. उपदेशक त्यांच्यातलाच कुणीतरी असायचा. विणकर, मोची, शेतकरी, गिरणीवाला. पगार नाही, पदवी नाही. पुढे छळ थांबला, हॉलंडमधले मेनोनाइट तर व्यापारात गब्बर झाले, तरीही कामकऱ्याने उपदेश करावा ही रीत बऱ्याच मंडळ्यांनी टिकवली. पेनसिल्व्हेनियात तर पुढे चिठ्ठीची पद्धत रूढ झाली. ज्यांची नावं सुचवली गेली असतील त्यांच्यासमोर सारखीच दिसणारी धर्मपुस्तकं मांडायची, त्यातल्या एकात कागदाची चिठ्ठी. ज्याने उचललेल्या पुस्तकात ती निघेल तो जन्मभराचा उपदेशक. त्याने नको म्हणायचं नाही. घरी गाई दोहायच्या राहिल्यात की माग बंद पडलाय, हे कुणी विचारायचं नाही.

विलेमचा जन्म १६४४ चा, रूर नदीकाठच्या म्युलहाइम गावाजवळचा. आज तो भाग जर्मनीच्या औद्योगिक पट्ट्यात येतो. तेव्हा तिथे ओढे होते आणि ओढ्यांवर गिरण्या होत्या. कागद करणारा माणूस पाण्याच्या मागे जातो, आणि मालाला गिऱ्हाईक लागतं म्हणून शहराच्याही मागे जातो. विलेम हॉलंडला गेला. १६७८ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमच्या नागरिकांच्या नोंदीत त्याचं नाव येतं, पुढे धंदाही लिहिलेला आहे: कागद करणारा. शहराचा नागरिक व्हायचं तर रीतसर शपथ घ्यावी लागे आणि मेनोनाइट माणूस ती घेत नाही. हॉलंडने या पेचातून फार पूर्वी वाट काढली होती. विल्यम ऑफ ऑरेंजने १५७७ मध्येच मिडेलबर्गच्या मेनोनाइटांना शपथेऐवजी साधा शब्द देण्याची मुभा दिली होती. व्यापार चालवायचा असेल तर कामाच्या माणसांना धर्मावरून अडवू नये, हे डच लोकांना इतरांपेक्षा लवकर उमगलं. त्याला सहिष्णुता म्हणा किंवा हिशेबीपणा. मला दुसरं जास्त पटतं, पण म्हणून त्याची किंमत कमी होत नाही.

त्या काळचं अ‍ॅमस्टरडॅम म्हणजे पुस्तकांचं गाव. सगळ्या युरोपात ज्या गोष्टी छापायला बंदी, त्या इथे छापल्या जात. १६८५ मध्ये तिथे एक जाडजूड ग्रंथ नव्या आवृत्तीत निघाला. थिलमन फान ब्राख्तने १६६० मध्ये लिहिलेला ‘हुतात्म्यांचा आरसा’. श्रद्धेसाठी जाळल्या, बुडवल्या, मारल्या गेलेल्यांच्या कहाण्या त्यात आहेत. नव्या आवृत्तीत यान लाउकनने कोरलेली १०४ चित्रं होती. त्यातलं सगळ्यांना ठाऊक असलेलं चित्र डर्क विलेम्सचं. हा तुरुंगातून पळाला, गोठलेल्या पाण्यावरून पलीकडे गेला. पाठलाग करणारा बर्फ फुटून पाण्यात पडला तेव्हा डर्क मागे वळला, त्याला बाहेर काढलं, आणि पकडला गेला. १५६९ मध्ये आस्पेरेन गावी त्याला जाळलं. मेनोनाइट घरांतली पोरं हे चित्र पाहत वाढायची. हा ग्रंथ आपल्या कथेत पुन्हा येणार आहे, तेव्हा लक्षात ठेवावा.

इकडे अटलांटिकच्या पलीकडे विल्यम पेन या क्वेकर पंथाच्या सरदारपुत्राला १६८१ मध्ये इंग्लंडच्या राजाकडून प्रचंड जमीन मिळाली होती. तिथे धर्मावरून कुणाला त्रास होणार नाही, अशी त्याची घोषणा होती, आणि वसाहतीला माणसं हवी होती. ऱ्हाइनकाठच्या क्रेफेल्ट गावातून तेरा कुटुंबं ‘कॉन्कॉर्ड’ जहाजाने निघाली आणि ६ ऑक्टोबर १६८३ रोजी फिलाडेल्फियाला उतरली. ही बहुतेक घरं मेनोनाइट वळणाची, पण तोवर क्वेकर झालेली, आणि बहुतेक जण तागाचे विणकर. हा ताग आपल्या पोत्यांचा नव्हे, जवसाच्या देठातून निघणारा, ज्याचं लिनन होतं तो. फिलाडेल्फियाच्या वायव्येला त्यांनी जर्मनटाउन वसवलं. त्यांचा म्होरक्या फ्रान्सिस डॅनियल पास्टोरियस कायदा शिकलेला, बहुभाषी, थोडा विक्षिप्त. गावाच्या मोहोरेसाठी त्याने तीन पानांचं क्लोव्हर निवडलं. एका पानावर द्राक्षवेल, दुसऱ्यावर जवस, तिसऱ्यावर विणकराची रीळ. द्राक्षांचं काही फारसं जमलं नाही. जवस आणि माग मात्र जोरात चालले.

विलेम बायकामुलांसह जर्मनटाउनला पोचला तो १६८८ च्या सुमारास, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी. मुलगे क्लाउस आणि गेरहार्ड, मुलगी एलिझाबेथ. त्याच १६८८ मध्ये गावातल्या चौघांनी गुलामगिरीच्या विरोधात एक निवेदन लिहून क्वेकरांच्या सभेपुढे ठेवलं. इंग्रज वसाहतींतला हा पहिला लेखी निषेध. सह्यांमध्ये पास्टोरियस आहे, विलेम नाही. पण ज्या मेजावर सह्या झाल्या असं सांगतात, ते मेज आज जर्मनटाउनच्या मेनोनाइट सभागृहात ठेवलेलं आहे. क्वेकर आणि मेनोनाइट यांच्यातली भिंत किती पातळ होती, ते यावरून कळावं.

आता गिरणी. ब्रॅडफर्ड १६८५ मध्ये फिलाडेल्फियाला येऊन छापू लागला होता. त्याचा कागद यायचा समुद्रापलीकडून. जहाज उशिरा आलं की छापखाना थंड. कागद करणारा माणूस हाताशी आल्यावर त्याने वेळ घालवला नाही. १६९० मध्ये भागीदारी ठरली. रॉबर्ट टर्नर आणि सॅम्युएल कारपेंटर हे सधन क्वेकर व्यापारी, थॉमस ट्रेस हा लोखंडाचा व्यापारी, स्वतः ब्रॅडफर्ड, आणि कसब जाणणारा एकटा विलेम. पैसा त्यांचा, हात याचे. जर्मनटाउनजवळ विसाहिकन ओढ्याला येऊन मिळणारा मोनोशोन नावाचा लहान ओढा आहे. त्याच्या काठावर गिरणी उभी राहिली, आणि लोक त्या ओढ्यालाच ‘पेपर मिल रन’ म्हणू लागले.

कागद कसा होई ते नीट पाहू, कारण या माणसाचं आयुष्य त्यातच गेलं. लाकडापासून कागद करण्याची युक्ती अजून दीडशे वर्षं पुढे होती. कच्चा माल म्हणजे जुनी लिननची कापडं. सदरे, चादरी, टोप्या, जीर्ण होऊन फेकायला आलेलं सगळं. आधी चिंध्या निवडायच्या. पांढऱ्या वेगळ्या, मळकट वेगळ्या, रंगीत वेगळ्या. शिवण, बटणं, आकडे काढून टाकायचे. युरोपातल्या गिरण्यांत हे काम बायका आणि पोरं करत. धूळ नाकातोंडात जाई, आणि कुणाच्या अंगावरून आलेलं कापड आहे याचा नेम नसे. मग चिंध्या भिजवून ढिगात कुजत ठेवायच्या, धागा सैल होईपर्यंत. वास काय येत असेल, याची कल्पना वाचकाने करावी. मग पाणचक्कीच्या जोरावर वरखाली होणाऱ्या लाकडी मुसळांखाली, दगडी किंवा लाकडी उखळांत, त्या तासन्‌तास कुटायच्या. सतत वाहतं पाणी मळ धुऊन नेई. कापडाचं कापडपण मोडून तंतू सुटे झाले की लगदा तयार.

तो लगदा कोमट पाण्याच्या हौदात ढवळायचा. मग येतो खरा कारागीर. पितळी तारांची जाळी ताणलेला चौकटी साचा तो दोन्ही हातांनी हौदात बुडवतो, आडवा उचलतो, आणि पाणी निथळत असताना एक हिसका पुढेमागे, एक डावीउजवीकडे देतो. या हिसक्यात सगळं आलं. तंतू एकमेकांत गुंतले पाहिजेत, ताव सगळीकडे सारख्या जाडीचा झाला पाहिजे. हे पुस्तकातून शिकता येत नाही, आणि एकदा अंगात आलं की दिवसभर हात तेच करत राहतात. दुसरा माणूस साचा घेऊन ओला ताव लोकरीच्या नमद्यावर उलटवतो. त्यावर दुसरा नमदा, त्यावर ताव, असा गठ्ठा चढत जातो. मोठ्या लाकडी दाबयंत्राखाली पाणी पिळून काढायचं, ताव सुटे करून माळ्यावर दोऱ्यांवर वाळत टाकायचे. लिहिण्याच्या कागदाला आणखी एक संस्कार. जनावरांच्या कातड्याचे तुकडे उकळून केलेल्या सरसात बुडवून त्याला खळ द्यायची, नाहीतर शाई फुटते. छपाईच्या कागदाला ती थोडी चालते, म्हणून तो स्वस्त. दहा शिलिंग आणि वीस शिलिंग यांच्यातला फरक बराचसा या सरसाचा आणि चिंध्यांच्या निवडीचा आहे. चोवीस तावांचा दस्ता, वीस दस्त्यांची रीम. ब्रॅडफर्डच्या वार्षिक भाड्याचे अकरा रीम म्हणजे ५,२८० ताव. एकेक हाताने उचललेला.

साच्याच्या जाळीवर तारेने एखादी आकृती शिवली की त्या जागी लगदा पातळ बसतो आणि ताव उजेडासमोर धरला की ती दिसते. याला जलचिन्ह म्हणतात. विलेमच्या कागदात एका बाजूला मुकुटाखालच्या ढालीत क्लोव्हरचं पान आणि खाली ‘पेनसिल्व्हेनिया’ असं नाव. दुसऱ्या बाजूला त्याची आद्याक्षरं. पुढे मुलाच्या काळात क्लाउसची आद्याक्षरं आली. क्लोव्हर अर्थातच पास्टोरियसच्या मोहोरेवरचं. शपथ नाकारणारा, हुद्दा नाकारणारा माणूस आपल्या मालावर गावाची खूण मात्र हौसेने उमटवत होता.

जर्मनटाउनच्या तीन पानांतली दोन या गिरणीत एकत्र आली, हे मला या सगळ्यातलं सर्वांत देखणं वाटतं. शेतात जवस, घरोघरी माग, मागावरचं लिनन अंगावर, अंगावरून फाटलं की चिंधी गिरणीत, गिरणीतून कागद छापखान्यात. १६९२ मध्ये रिचर्ड फ्रेम नावाच्या रहिवाशाने पेनसिल्व्हेनियाचं वर्णन करणारं एक पद्य लिहिलं. त्यातही त्याने जर्मनटाउनच्या विणकरांपासून कागद गिरणीपर्यंतची ही साखळी नेमकी पकडली आहे. कवी म्हणून फ्रेम बेताचाच, पण नजर बाजारातल्या माणसाची होती. कागद गिरणी कुठेही काढता येत नाही. स्वच्छ पाणी लागतं, लोहाचा अंश असलेलं पाणी कागदावर डाग पाडतं. वर्षभर वाहणारा ओढा लागतो. लिनन नेसणारी आणि फाडणारी माणसं लागतात. आणि छापणारा लागतो. या चार गोष्टी इंग्रजांच्या वसाहतींत एकत्र आल्या त्या फक्त इथे, आणि १६९० पासून १७१० पर्यंत, पूर्ण वीस वर्षं, त्या वसाहतींमध्ये दुसरी कागद गिरणी नव्हती.

छापणारा मात्र फार दिवस टिकला नाही. जॉर्ज कीथ नावाच्या बंडखोर क्वेकराचं लिखाण छापल्याबद्दल ब्रॅडफर्डला १६९२ मध्ये तुरुंगात टाकलं, खटला चालवला. १६९३ मध्ये तो वैतागून न्यूयॉर्कला गेला आणि तिथे सरकारी मुद्रक झाला. गिरणीतला हिस्सा त्याने सोडला नाही, सोडणं मूर्खपणाचं ठरलं असतं. एकुलत्या एका गिरणीचा छपाईचा कागद आधी आपल्याला, ही अट म्हणजे आसपासच्या कुठल्याही स्पर्धकाच्या मानेवर ठेवलेला हात होता. १६९७ च्या त्या पट्ट्याकडे या नजरेने पाहिलं की ब्रॅडफर्ड किती पोचलेला होता ते कळतं. पण बापलेकही काही भोळे नव्हते. रोख पैसा दुर्मीळ असलेल्या वसाहतीत भाडं मालात देणं त्यांच्याही सोयीचं होतं, आणि ठरलेल्या भावाचं बांधलेलं गिऱ्हाईक ही कारागिराला मोठी निश्चिंती. हळूहळू एकेक भागीदाराचा हिस्सा त्यांनी उचलला. १७०४ मध्ये ब्रॅडफर्डनेही आपला हिस्सा विकला. १७०६ च्या सुरुवातीला सॅम्युएल कारपेंटरकडून गिरणीभोवतीची २० एकर जमीन मिळाली, वर्षाला पाच शिलिंग खंडाने, ९७५ वर्षांच्या पट्ट्यावर. या मुदतीचा हिशेब केला तर अजून सहाशेहून अधिक वर्षं बाकी निघतात.

मधे एक संकट येऊन गेलं होतं. १७०१ च्या सुमाराला ओढ्याला पूर आला आणि गिरणी वाहून गेली. इमारत, अवजारं, केलेला कागद, सगळं. विलेम साठीच्या घरात आलेला. त्या वेळी विल्यम पेन स्वतः वसाहतीत होता. त्याने लोकांना उद्देशून पत्र लिहून या वयस्क कागदवाल्याला हातभार लावण्याचं आवाहन केलं. दया हे कारण असेलच, पण वसाहतीत कागद होणं ही पेनच्याही फायद्याची गोष्ट होती. १७०२ मध्ये नवी गिरणी उभी राहिली.

आता मंडळी. जर्मनटाउनात मेनोनाइट म्हणवणारी घरं सुरुवातीला इतकी थोडी होती की ती क्वेकरांच्याच सभेला जाऊन बसत. पुढे ती आपापल्या घरी वेगळी जमू लागली. उपदेशक नव्हता. अ‍ॅमस्टरडॅमहून आलेला डर्क कायसर छापील प्रवचनांच्या पुस्तकातून वाचून दाखवी आणि बाकीचे ऐकत. १६९८ मध्ये त्यांनी विलेमला उपदेशक आणि यान न्यूसला डीकन, म्हणजे गरजूंची काळजी वाहणारा, म्हणून निवडलं. इंग्रजांच्या वसाहतींतली ही मेनोनाइटांची पहिली स्थिर मंडळी, म्हणून विलेम तिथला पहिला मेनोनाइट उपदेशक. त्याच्या उपदेशातलं एक वाक्यही आज उरलेलं नाही. बोललेलं हवेत विरलं आणि कागदावरचं जे उरलं ते सगळं व्यवहाराचं.

इथे एक अडचण उभी राहिली. उपदेश करायला मंडळीची निवड पुरेशी होती. पण बाप्तिस्मा द्यायचा, प्रभुभोजन वाढायचं, तर त्यासाठी वडील म्हणून रीतसर नेमलेला माणूस हवा, आणि वडिलाने वडिलाच्या डोक्यावर हात ठेवून त्याला नेमायचं ही परंपरा. असा माणूस सगळ्या खंडावर एकही नव्हता. तेव्हा हॅम्बुर्गजवळच्या आल्टोना इथल्या मंडळीला पत्र गेलं: कुणाला तरी पाठवा. उत्तर आलं की एवढा प्रवास करायला कुणी तयार नाही, तुमच्यातूनच माणूस निवडा आणि त्याला अधिकार द्या. जे लोक पोप मानत नाहीत, बिशपांची उतरंड मानत नाहीत, तेच हात ठेवण्याच्या साखळीसाठी अडून बसले होते. मला यात त्यांची विसंगती दिसत नाही. अधिकार मनाने घ्यायचा नाही, कुणीतरी तो दिला पाहिजे, एवढीच त्यांची धारणा होती. ती उतरंडीच्या विरुद्ध टोकाची आहे. पण तिची किंमत मोठी होती. वर्षामागून वर्षं गेली, पोरं वयात आली, आणि ज्या बाप्तिस्म्यासाठी त्यांच्या पणजोबांनी जीव दिला होता तो द्यायला कुणी धजत नव्हतं.

विलेम फेब्रुवारी १७०८ मध्ये वारला. वय चौसष्ट. त्याच वसंतात गॉख गावाहून आलेल्या याकोब गॉटशाल्कने धीर केला, आणि मे महिन्यात अकरा जणांचा बाप्तिस्मा झाला. थोड्याच दिवसांत पहिलं प्रभुभोजनही. त्याच वर्षी ओंडक्यांचं सभागृह उभं राहिलं. त्या जागेवरचं १७७० चं दगडी सभागृह आजही जर्मनटाउन अ‍ॅव्हेन्यूवर आहे. म्हणजे पहिल्या उपदेशकाच्या हयातीत मंडळीने ना सभागृह पाहिलं, ना बाप्तिस्मा. दहा वर्षं त्याने फक्त बोलून आणि घराघरांत जमवून ती एकत्र ठेवली. मंडळीच्या सुरुवातीच्या दिवसांचा हा वृत्तांत पुढे गॉटशाल्कनेच लिहून ठेवला, म्हणून तो कळतो.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला वंशजांपैकी काहींना हा मूळपुरुष पुरेसा वाटेना. रिटनहाउस घराणं हाब्सबर्ग सम्राट मॅक्सिमिलियनच्या रक्ताचं आहे, अशी एक वंशावळ छापूनही आली. पुढच्या अभ्यासकांनी ती कोरडेपणाने मोडीत काढली. चिंध्या कुजवणाऱ्याच्या पोटी जन्माला आल्याचा संकोच खापरपणतवंडांना वाटावा आणि त्याने स्वतः मात्र आपलं नाव तावातावावर उमटवावं, यात कुणाची जात उंच ते ज्याचं त्याने ठरवावं.

गिरणी क्लाउसने चालवली. तोही मंडळीचा उपदेशक झाला. १७२५ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या मेनोनाइट उपदेशकांनी १६३२ ची डॉर्ड्रेख्तची श्रद्धाकलमं आपली म्हणून स्वीकारली, त्या सह्यांत क्लाउसचंही नाव आहे. त्याच्या बायकोच्या भावाने, विल्यम ड्युईसने, १७१० मध्ये विसाहिकनवर दुसरी गिरणी काढली. म्हणजे वसाहतींतली पहिली स्पर्धा मेहुण्याशी. ब्रॅडफर्डच्या मुलाने, अँड्र्यूने, १७१९ मध्ये काढलेलं फिलाडेल्फियाचं पहिलं वृत्तपत्र ‘अमेरिकन वीकली मर्क्युरी’ याच ओढ्याच्या कागदावर छापलं जाई. क्लाउसचा नातू डेव्हिड १७३२ मध्ये तिथल्याच घरात जन्मला. तो घड्याळं करू लागला, मग दुर्बिणी, १७६९ मध्ये शुक्राचं अधिक्रमण त्याने मोजलं, आणि १७९२ मध्ये अमेरिकेच्या सरकारी टांकसाळीचा पहिला संचालक झाला. पणजोबांच्या पंथाने हुद्दे वर्ज्य केले होते. जर्मनटाउनला १७०७ मध्ये आपली सनद गमवावी लागली, तीही मुख्यतः गावात न्यायाधीश आणि कोतवाल व्हायला माणसंच मिळेनात म्हणून. पणतू थेट नाणी पाडू लागला. फिलाडेल्फियातला रिटनहाउस चौक आहे तो या डेव्हिडच्या नावाचा.

राहिला तो ‘हुतात्म्यांचा आरसा’. १७४० च्या दशकात पेनसिल्व्हेनियाच्या मेनोनाइटांना युद्धाची चाहूल लागली. आपली पोरं डच विसरलीत, तेव्हा या ग्रंथाचं जर्मन भाषांतर करून द्या, असं त्यांनी अ‍ॅमस्टरडॅमला कळवलं. तिकडून हालचाल होईना. अखेर एफ्राटा या जर्मन वैराग्यांच्या वसाहतीने काम अंगावर घेतलं. त्यांची कागद गिरणी स्वतःची, छापखानाही स्वतःचा. पंधरा जण तीन वर्षं खपले. १७४८ मध्ये सुमारे १,५०० पानांच्या ग्रंथाच्या १,३०० प्रती तयार झाल्या. अमेरिकी वसाहतींत छापलेलं हे सर्वांत मोठं पुस्तक. पण सगळ्या प्रती खपल्या नाहीत. न शिवलेले गठ्ठे पडून राहिले आणि स्वातंत्र्ययुद्ध आलं. सैन्याला काडतुसांची दारू गुंडाळायला कागद हवा होता. सैनिक गाडी घेऊन आले आणि हत्यार न उचलणाऱ्यांच्या कहाण्यांचे ताव उचलून घेऊन गेले.

कागदाची टंचाई एवढी होती की जुलै १७७६ मध्ये, स्वातंत्र्याचा जाहीरनामा निघून पंधरवडाही उलटला नव्हता तेव्हा, अमेरिकेच्या काँग्रेसने ठराव केला. पेनसिल्व्हेनियातल्या कागद करणाऱ्यांना पलटणीबरोबर न्यू जर्सीला पाठवू नये, त्यांना गिरण्यांवरच ठेवावं. विलेमच्या लोकांनी दीड-दोनशे वर्षं श्रद्धेचं कारण सांगून जी सूट मागितली, ती त्याच्या धंद्यातल्या माणसांना एका ठरावाने मिळाली, कारण त्यांच्यावाचून बंदुका भरता येत नव्हत्या.